पुढच्या वर्षीचा रविवार

फॉर्म भरून झाला तशा फॉर्मवाल्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "सगळं डोळ्यांखालून घाल, मग मी बटण दाबते. नंतर तोंड पाडून परत यायचं नाही." मी घातलं. नाव बरोबर होतं, जन्मतारीख बरोबर होती, फोटोत मी नेहमीसारखी कुणावर तरी डाफरून नुकतीच गप्प बसल्यासारखी दिसत होते. तळाशी, जिथे कुणाची नजर जात नाही अशा ठिकाणी, एका करड्या पट्टीत दोन ओळी होत्या. मिळणारे प्रयत्न तीन. या अर्जानंतर शिल्लक शून्य. मी म्हटलं, "हे चुकलंय, इथे एक हवा." बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "ते मी भरलेलं नाही बाई, ते तिकडून येतं. शाळा कधी संपली तुझी?" दोन वर्षांपूर्वी, मी म्हटलं, त्या वर्षी इंजिनिअरिंगची परीक्षा दिली, मागच्या वर्षी बसले नाही, म्हणजे ही दुसरी. "तसं नसतं," त्या म्हणाल्या, आणि मागच्या फळीवरून माहितीपुस्तिका काढून एकेचाळिसावं पान माझ्यापुढे धरलं. त्या ओळीखाली लाल पेनाने आधीच रेघ मारलेली होती. म्हणजे इथे येऊन तोंडाचा आ करणारी मी पहिली नव्हते. शाळा संपली ते वर्ष आणि त्यानंतरची सलग दोन. परीक्षेला बसा नाहीतर बसू नका, वर्ष गेलं की प्रयत्न गेला. "मग दाबू ना?" बाईंनी विचारलं. माझ्यामागे चार जण खोळंबले होते. मी दाबा म्हटलं.

बाहेर आले तर रस्ता तसाच होता. टायरच्या दुकानातला माणूस ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता, सिग्नलला गाड्या थांबल्या होत्या, सुटत होत्या. माझ्या हातात अर्जाची प्रत होती आणि ती मी चारदा घडी घालून इतकी लहान केली की मुठीत मावली. मला वाटलं होतं अशा वेळी रडू येत असेल. रडू आलं नाही, भूक लागली. चांगली सणसणीत भूक, सकाळी खाऊन निघालेली असूनही. मी कोपऱ्यावर उभी राहून एक पाव कोरडाच खाल्ला आणि तो गिळता गिळता हिशेब मनात आपोआप जुळत गेला: बाबांनी मांडलेल्या आराखड्यातली एक अख्खी परीक्षा पुसली गेली होती, आणि ती बाबांनीच पुसली होती. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याच्या घरी जाऊन भांडले असते. बाबांशी भांडायला घरीच जायचं होतं, आणि पाय घराच्या उलट दिशेने चालले होते.

बाबा बस डेपोत वेळापत्रकं करतात. कोणती गाडी कधी सुटेल, कोणता चालक कुठे उतरेल आणि त्याच्या जागी कोण चढेल हे ठरवणारा एक माणूस कुठल्याशा खोलीत बसलेला असतो, हे लोकांच्या गावीही नसतं. गाडी उशिरा आली की ते बिचाऱ्या चालकाला धारेवर धरतात. बाबांची खोली कार्यशाळेच्या वरच्या मजल्यावर होती. लहानपणी शाळेतून मी थेट तिथे जायचे. खाली खड्ड्यात उतरून मिस्त्रीकाका गाडीच्या पोटाखाली काम करत असायचे, आणि मी वरून पाने द्यायचे, चौदा नंबर, सतरा नंबर. एकदा त्यांनी मला इंजिनाचं झाकण उघडून दाखवलं आणि म्हणाले, "हात लावू नकोस, नुसती ऐक." मी ऐकलं. मला इंजिनिअर व्हायचंय ते तेव्हापासून, आणि ते दुसऱ्या कुणी माझ्या डोक्यात घातलेलं नाही. पुढे लोक विचारायचे, मुलीला कुणी सुचवलं हे? बाबा म्हणायचे, "सुचवायला ती ऐकते कुणाचं?" मी जन्मले तीन आठवडे आधी. बाबांच्या नोकरीत वेळेआधी येऊन पोचलेली तेवढी एकच गाडी, म्हणून त्यांनी माझं नाव घाई ठेवलं. शाळेतलं नाव वेगळं आहे, पण ते हजेरीपुरतं.

बाबांचे काही नियम होते आणि ते आमच्या घरालाही लागू होते. पहिला, आधी वार लिहायचा, मग तारीख. वार चुकला की सगळं वेळापत्रक चुकलं, कारण रविवारची गर्दी वेगळी आणि सोमवारची वेगळी. मी सहा वर्षांची असताना ते मला विचारायचे, यंदा तुझा वाढदिवस मंगळवारी आला, पुढच्या वर्षी? आणि मी बोटांवर न मोजता बुधवार म्हणायचे. दुसरा, शेवटच्या थांब्यावर गाडी सहा मिनिटं मोकळी ठेवायची. वरच्या ऑफिसातले लोक दर वर्षी म्हणायचे की ही सहा मिनिटं वाया जातात, आणि बाबा दर वर्षी म्हणायचे, "ती सहा मिनिटं आहेत म्हणून बाकीची चोपन्न चालतात." तिसरा, डेपोत एक गाडी नेहमी स्पेअर. धुतलेली, डिझेल भरलेली, कुठेही न जाणारी. आणि चौथा, अर्धवट गाडी रस्त्यावर काढण्यापेक्षा फेरी रद्द केलेली बरी. रद्द फेरी कुठे पळून जात नाही, ती वहीत शिल्लक राहते आणि महिनाअखेरीपर्यंत केव्हाही भरून काढता येते. या सगळ्याखेरीज डेपोत आणखी एक कागद असायचा, भिंतीवरचा. वरून तपासणीला माणसं यायची तेव्हा त्यांना भिंतीवर काहीतरी टांगलेलं लागायचं. बाबा मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवून वर्षाचा आकडा तेवढा बदलायचे आणि जशाच्या तसा उतरवून टांगायचे. खरं वेळापत्रक त्यांच्या ड्रॉवरमध्ये. मी एकदा म्हटलं होतं, यातले वार चुकलेत. ते म्हणाले, "यावर एकही गाडी धावणार नाहीये, घाई. हे नुसतं बघणाऱ्यांना बरं वाटावं म्हणून."

माझी परीक्षा त्यांनी अशीच आखली. पुस्तिकेतलं "तीन प्रयत्न" एवढं त्यांनी वाचलं आणि पुढे वाचायची त्यांना गरज वाटली नाही, कारण तीन म्हटल्यावर त्यांच्या मनात सगळं जागच्या जागी बसलंच. पहिली फेरी रिकामी. नव्या रस्त्यावर आधी माणसं न घेता गाडी फिरवून आणतात, वळणं कुठे आहेत, झाडांच्या फांद्या कुठे लागतात ते बघायला. दुसरी खरी. तिसरी स्पेअर. माझ्या टेबलाशेजारच्या भिंतीवर त्यांनी मोठा कागद लावला आणि त्यावर रकाने आखले. पहिल्या रकान्याच्या तळाशी रविवार, चौदा. त्या रविवारी मी रिकामी फेरी मारून आले आणि क्लासच्या सरांनी माझा क्रमांक बघून विचारलं, "हा क्रमांक आहे की फोन नंबर?" बाबा मात्र खूश होते. वळणं कळली ना, म्हणाले. मग दुसरा रकाना, रविवार, तेरा. त्या रविवारच्या तेरा दिवस आधी आई एका गिऱ्हाइकाच्या घरी खिडकीचं माप घेताना स्टुलावरून पडली. ती पडद्यांच्या दुकानात कामाला आहे. मापं घेणं, कापणं, शिवणं सगळं तीच बघते. कमरेचं हाड मोडलं. मी हॉस्पिटलच्या बाकावर पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे आणि एकच पान दिवसभर उघडं असायचं. बाबा आले, पुस्तक बंद केलं आणि म्हणाले, "फेरी रद्द कर. आईजवळ बस. रद्द फेरी कुठे जात नाही." मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून तिथेच झोपून गेले.

आणि आता कळत होतं की ती फेरी गेली होती. मी घरापर्यंत पोचले तोवर काय बोलायचं त्याची तयारी झाली होती, चांगली धारदार. दार उघडलं तर आई पडद्याच्या कापडावर खडूने रेघ ओढत होती आणि एक पाऊल लांब, एक आखूड अशी टेबलाभोवती फिरत होती. "झाला फॉर्म?" तिने विचारलं. झाला, मी म्हटलं. "काही अडलं नाही ना? बाबा येणार होते बरोबर, पण त्यांना नेमकी आजच ड्यूटी निघाली." नाही अडलं, मी म्हटलं. ती खडू थांबवून म्हणाली, "मागच्या वर्षी माझ्यापायी राहिली ना गं तुझी. मला अजून चुटपुट लागते. बरं तर बरं, तुझी एक शिल्लक आहे म्हणून." मी मुठीतला कागद आणखी आवळला. हे मला वाटेत सुचलंच नव्हतं. बाबांना सांगायचं म्हणजे आईलाही कळणार, आणि आईला कळलं की ती आयुष्यभर माझ्या वाया गेलेल्या वर्षावर एक पाऊल लांब, एक आखूड चालत राहणार. मी पाणी प्यायले, टेबलाशी बसले आणि पुस्तक उघडलं. त्या दिवशी मी काही बोलले नाही, आणि एकदा न बोललेलं दुसऱ्या दिवशी बोलणं फार जड जातं.

पुढचे पाच महिने माझ्या पोटात ते शून्य होतं. सगळ्यात वाईट शनिवार. शनिवारी दुपारी बाबा डेपोतून येऊन हातपाय धुवायचे आणि पेन्सिल घेऊन माझ्या भिंतीपाशी उभे राहायचे. तिसऱ्या रकान्यात, म्हणजे यंदाच्या, त्या आठवड्यात काय झालं त्यावर खूण करायचे. आणि मग निवांतपणे चौथ्या रकान्याकडे वळायचे, पुढच्या वर्षीच्या, आणि तोही भरू लागायचे. जूनमध्ये अमुक, जुलैत तमुक, उजळणी, सराव चाचण्या. "ही आपली स्पेअर," ते म्हणायचे. "लागणार नाही, पण धुऊन पुसून ठेवलेली बरी." मी त्यांच्या पाठीकडे बघत बसायचे. मानेवर पांढरे झालेले केस, कॉलर झिजलेला शर्ट, आणि त्या पेन्सिलीचा कुरकुर आवाज. मला त्यांचा भयंकर राग यायचा. एका शनिवारी तोंडातून निघूनच गेलं, "कशाला लिहिताय ते? मी नाही पुन्हा देणार." ते वळले नाहीत. म्हणाले, "नको देऊस. पण आहे हे माहीत असलं की हात हलका राहतो." मला वाटलं, ओरडून सांगावं, नाहीये, तुमची स्पेअर डेपोत नाहीये, तुम्हीच ती घालवलीत. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी मी चौथ्या रकान्यावर खिळा ठोकला आणि त्यावर माझी जाडजूड दप्तराची पिशवी अडकवली. बाबा शनिवारी आले, त्यांनी पिशवी उचलली, लिहिलं, पुन्हा अडकवली. तो रकाना मी त्यानंतर बघितला नाही, बघवला नाही.

रागाचा एक फायदा असतो, जाग लवकर येते. मी पहाटे उठून गणितं सोडवायचे आणि बाबांचं काहीही ऐकायचं नाही असं ठरवून सोडवायचे. सहा मिनिटं तर मुळीच नाही. तीन तासांच्या सराव चाचणीत मी तीन तास मान वर केली नाही. एकामागून एक, न थांबता, शेवटच्या मिनिटापर्यंत. क्लासच्या सरांनी कागद परत देताना विचारलं, "तुला कुणी पाठीमागून हाकतंय का?" येत असलेली अकरा उत्तरं चुकली होती. अधिकची वजा केलेली, दोनचं वर्गमूळ विसरलेलं, असल्या फालतू चुका. त्याच आठवड्यात मामा येऊन गेला. मामाचं चष्म्याचं दुकान आहे आणि त्याचा जीव चांगला आहे, त्यामुळेच त्याच्यावर चिडता येत नाही. "काउंटर रिकामंच आहे," तो आईला म्हणाला, "परीक्षेचं काय व्हायचं ते होवो, पोरगी घरात बसायला नको." मी स्वतःला काउंटरमागे बघितलं, लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवताना. त्यात वाईट काहीच नव्हतं. फक्त तिथे ऐकण्यासारखं काही सुरू नव्हतं, इंजिनासारखं. मामा गेल्यावर मी भिंतीवरच्या तिसऱ्या रकान्यात चोपन्न आणि सहा असं लिहिलं, तीनदा, तीन तासांसाठी. बाबांनी ते शनिवारी बघितलं, त्याच्यापुढे बारीकशी खूण केली आणि चहा मागितला. मला तेव्हाही राग आला, पण तो जरा कमी पडायला लागला होता.

बारा तारखेचा रविवार उजाडला. बाबा केंद्रापर्यंत आले. बसमध्ये ते नेहमीप्रमाणे खिडकीकडे न बघता घड्याळाकडे बघत होते आणि मधेच पुटपुटले, "दोन मिनिटं मागे आहे." फाटकापाशी मुलांचे आईबाप शेवटचे उपदेश करत होते; एका मुलाची आई त्याला घास भरवत होती आणि तो सूत्रं म्हणत होता. मला वाटलं होतं बाबा म्हणतील, नीट दे. ते म्हणाले, "घाई, ही नाही तर पुढची आहेच. आरामात दे." पाच महिने ज्या वाक्याची मला धास्ती होती तेच. मी त्यांच्याकडे बघितलं. दाढी घाईत केली होती, हनुवटीखाली थोडी राहून गेली होती. मला एकदम वाटलं की या माणसाला या क्षणी खरं सांगायची माझ्यात ताकद आहे आणि न सांगायचीही आहे, आणि न सांगणं जास्त ताकदीचं आहे. ते मी त्यांच्यासाठी करत होते. कुणासाठी तरी एवढं मोठं काही धरून ठेवल्यावर माणूस लहान राहत नाही. मी म्हटलं, "हो, आहे ना," आणि आत गेले. पाठ अशी ताठ झाली होती की तपासणीवाल्या बाई म्हणाल्या, "श्वास घे गं, नुसते खिसेच बघतेय."

आत बूट काढून ठेवले, बोटाचा ठसा दिला, सत्तेचाळीस नंबरच्या संगणकापुढे बसले. पहिला तास रसायन, ते सरळ गेलं. चोपन्न मिनिटं झाली तेव्हा मी हात मांडीवर ठेवले आणि सहा मिनिटं काही केलं नाही. शेजारच्या रांगेतली मुलं टकटक करत होती. माझ्या उजवीकडच्या मुलाने माझ्याकडे असं बघितलं की हिला चक्कर आली की काय. पंखा फिरत होता, त्याचं एक पातं किंचित वाकडं होतं आणि दर फेरीला एक बारीक ठक असा आवाज यायचा. मी तो ऐकत बसले. मग गणित, आणि गणिताच्या मध्यावर ते आलं. एका समीकरणाशी मी अडले, पुन्हा केलं, पुन्हा अडले, आणि करडी पट्टी डोळ्यांपुढे आली. शिल्लक शून्य. कानात दडे बसले. अक्षरं दिसत होती पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. पुढचा प्रश्न वाचला, तोही परक्या लिपीतला वाटला. मी ओठ चावले आणि मनातल्या मनात बाबांच्या आवाजात म्हटलं, अर्धवट गाडी काढू नकोस, रद्द कर, भरून काढू. मी ते समीकरण सोडलं. मला हसू आलं. हा तोच नियम होता ज्याने माझं वर्ष घालवलं होतं, आणि इथे, या तीन तासांच्या आत, तो अगदी खरा होता. रद्द केलेला प्रश्न इथे खरंच शिल्लक राहत होता. मी पुढे गेले, आठ प्रश्न सपासप सुटले, आणि मागे येऊन त्या समीकरणाकडे बघितलं तर त्यात अडण्यासारखं काय होतं तेच आठवेना.

शेवटचा तास भौतिकशास्त्राचा. चोपन्न मिनिटांत सगळं झालं आणि शेवटची सहा उरली. बाकी सगळे धावत होते, मी थांबले. हात मांडीवर. खरंतर भीती वाटत होती, कारण ही सहा मिनिटं आता खरोखर शेवटची होती, यांच्यापलीकडे थांबाच नव्हता. पंख्याची ठक ऐकता ऐकता एक चाक डोळ्यांपुढे आलं. बाविसावा प्रश्न: चाक चढावर न घसरता वर घरंगळत चाललंय, घर्षण कुठल्या दिशेने? मी खाली असं उत्तर दिलं होतं. जाताना हाताने आपोआप दिलं होतं, कारण घर्षण म्हटलं की हालचालीच्या उलट असं सगळ्यांच्या डोक्यात असतं. पण मला मिस्त्रीकाका दिसले, खड्ड्याशेजारच्या उतारावर सुटं चाक हाताने वर ढकलून सोडणारे. चाक स्वतःच वर जात राहतं, हळूहळू मंदावतं. नुसतं त्याचं वर जाणं मंदावत नाही, त्याचं फिरणंही मंदावतं, नाहीतर ते जागच्या जागी गरागरा फिरेल. मग फिरणं मंद कोण करतं? वजन तर मध्यातून जातं, त्याने फिरण्याला काही होत नाही. उरतं फक्त घर्षण, आणि त्याला हे करायचं असेल तर ते वरच्या दिशेनेच हवं. मी ते इतकं स्वच्छ बघितलं की चाकावरचं ग्रीसही दिसलं. उत्तर बदललं. दोन मिनिटं उरली होती. ती मी कुणालाही दिली नाहीत, माझ्याजवळ ठेवली. बाहेर आले तेव्हा माझे पाय हलके होते आणि आत कुठेतरी काहीतरी सुरू झाल्यासारखं एकसंध चालत होतं. निकाल काय लागेल याची मला पर्वा नव्हती असं नाही. पण मी जिंकलेय हे मला त्या फाटकातच कळलं होतं.

निकाल लागला सोमवारी सकाळी. बाबा डेपोत होते. आईच्या फोनवर पान उघडायला इतका वेळ लागला की आईने तेवढ्यात एका पडद्याची पट्टी दुमडून टाचून घेतली. मग आकडा आला. दोन हजार आठशे सहा. पहिल्या दहा हजारांत आलं की मला हव्या त्या कॉलेजात मेकॅनिकल मिळणार होतं. मी आकडा मोठ्याने वाचला, मग एकेक अंक सुटा वाचला, मग आईने वाचला. तिने गळ्यातली टेप काढली, माझ्याजवळ आली आणि खांद्यापासून मनगटापर्यंत माझं माप घेतलं. "कॉलेजला शर्ट लागतील," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हाताचंही माप घेतलं, जणू तो वेगळा असणार होता. तेव्हा मात्र मी रडले, पोटभर, तिच्या खडूच्या हातांत तोंड खुपसून. तिने डेपोत फोन लावला. बाबा फोनवर "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ते येईपर्यंत काय करायचं म्हणून मी टेबल आवरायला घेतलं. पिशवी खिळ्यावरून काढली. कागद खाली उतरवावा असं वाटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच मी चौथ्या रकान्याकडे सरळ बघितलं. सुबक अक्षरात सगळं होतं, उजळणी, चाचण्या, चोपन्न आणि सहा, आणि तळाशी परीक्षेचा दिवस: रविवार, बारा. माझा हात थांबला. पहिल्या रकान्यात रविवार, चौदा. दुसऱ्यात रविवार, तेरा. यंदा रविवार, बारा. दर वर्षी रविवार एक दिवस अलीकडे सरकतो, हे मला सहाव्या वर्षापासून ठाऊक होतं, कुणी शिकवलं तेही ठाऊक होतं. पुढच्या वर्षी बाराला सोमवार होता. मी वर बघितलं. रकान्यातला प्रत्येक वार चुकलेला होता, वरपासून खालपर्यंत, एकही बरोबर नाही. सगळे वार यंदाचे होते, शेजारच्या रकान्यातून जसेच्या तसे उतरवलेले. तीस वर्षांत ज्याचा एक वार चुकला नाही, त्याने माझ्या डोळ्यांसमोर पाच महिने दर शनिवारी डेपोतल्यासारखा भिंतीवरचा कागद भरला होता.

मी खुर्चीत बसले. फॉर्मच्या दिवशी नेमकी निघालेली ड्यूटी आठवली. "आहे हे माहीत असलं की हात हलका राहतो" हे म्हणताना ते वळले नव्हते ते आठवलं. हनुवटीखाली राहिलेली दाढी आठवली. मी त्यांच्या पाठीवर जो राग ओतत होते तो त्यांना कळत असणार, आणि त्यांनी तो तसाच पाठीवर घेतला होता. जिन्यात पावलं वाजली. बाबा ठरलेल्या वेळेच्या चाळीस मिनिटं आधी घरी आले होते, असं त्यापूर्वी कधी झालेलं नव्हतं. दारात उभे राहून त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कागदाकडे. डोळे लाल होते. "काढलास?" त्यांनी विचारलं.

"बाबा," मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बाराला सोमवार येतो."

ते बूट काढत होते, एकच निघाला होता. "हो," ते म्हणाले. "सोमवारच."

"कधी कळलं तुम्हाला?"

"फॉर्मच्या आदल्या आठवड्यात. पुस्तिका पुन्हा वाचायला घेतली होती, सहज." त्यांनी दुसरा बूट काढला आणि तो हातातच ठेवला. "मी चुकलो, घाई. तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं. तुला सांगितलं असतं तर तू पाच महिने ते उरावर घेऊन बसली असतीस. म्हटलं, तुला नकोच कळायला. मी घेतो." मग ते म्हणाले, "वार मात्र खरे घालवेनात. जी गाडी धावणारच नाही तिला खरे वार कसे घालायचे?"

"मला फॉर्म भरतानाच कळलं होतं," मी म्हटलं. "खाली लिहिलेलं असतं."

बाबा बूट हातात घेऊन भिंतीला टेकून बसले. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, पण ते हसत होते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मलाही हसू फुटलं, मी त्यांच्याजवळ फरशीवर बसले. एकाच घरात, एकाच भिंतीसमोर, दोन माणसं पाच महिने एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती आणि दोघांनाही वाटत होतं की ओझं आपण एकट्यानेच उचललंय. "आईला नाही सांगायचं," बाबा हळूच म्हणाले. नाही, मी म्हटलं. आतून तिची पावलं आली, एक लांब, एक आखूड, आणि ती दारात येऊन आमच्याकडे बघत राहिली. "फरशीवर काय बसलात दोघं? आणि हसताय कशाला?" बाबांनी डोळे पुसले. "वारांचं चाललंय आमचं," ते म्हणाले. तिने मान हलवली आणि चहा ठेवायला गेली. बाबांनी माझ्या हातातून कागद घेतला, उलटा केला, कोऱ्या बाजूवर फरशीवरच तळहाताने सुरकुत्या सारख्या केल्या. खिशातून पेन्सिल काढली. पेन्सिल पुन्हा खिशात ठेवली आणि पेन काढलं. "कॉलेज कधी सुरू?" त्यांनी विचारलं.

"एक तारखेला."

"वार सांग आधी."

"मंगळवार," मी बोटांवर न मोजता म्हटलं, आणि त्यांनी तो लिहिला.